जुना कॉम्प्युटर ऑनलाइन बोलीत घेताना: आधी तपासणी, मग आकडा, सर्वांत शेवटी पैसे

सवाल बोलण्यात आपल्याकडं कोणी कच्चं नाही. देवापुढच्या नारळाचा सवाल, लिलाव भिशी, मार्केट यार्डातली भाजीची बोली बघतच आपण वाढलो. तरी फोनवरच्या बोलीत जुना लॅपटॉप घेऊन डोक्याला हात लावून बसलेली माणसं मला बेळगावात, खानापुरात, निपाणीत सारखी भेटतात. यार्डात पोत्यात हात घालून माल बघितल्याशिवाय कोणी आकडा उच्चारत नाही. फोनवर मात्र आकडा आधी टाकला जातो, पैसे मधेच कधीतरी जातात आणि माल शेवटी दिसतो. हा क्रम उलटा करायचा, बाकी लेख त्याच्याच तपशिलांचा आहे.

ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. आता खासगी माणसांची बोली चालते ती फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या जुन्या वस्तूंच्या ग्रुपांत. फोटो, सुरुवातीची किंमत, किमान वाढ आणि संपण्याची वेळ टाकतात; खाली लोक आकडे लिहितात. ओएलएक्सवर 'ऑफर' देणं हीसुद्धा एका अर्थी बोलीच, फक्त दुसऱ्याचा आकडा तुम्हाला दिसत नाही. परदेशी साइटवरून जुना कॉम्प्युटर मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. जुन्या कॉम्प्युटरच्या आयातीला सरकारी परवानगी लागते आणि कस्टममध्ये अडकलेला डबा सोडवायला कोणी येत नाही.

## टप्पा १: खालची मर्यादा ठरवा

विंडोज १० ला कंपनीचे नियमित अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती वापरासाठी वाढवून मिळणारे सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. तेव्हा विंडोजवरच काम करायचं असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं यंत्रच बघायचं. इंटेलच्या प्रोसेसरच्या बाबतीत याचा सोपा अर्थ आठवी पिढी किंवा पुढची, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय.

पिढी ओळखायला प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लागतो. आय५-८२५०यू मध्ये रेघेनंतरचा पहिला अंक ८, म्हणजे आठवी पिढी. आय५-१०२१०यू मध्ये पहिले दोन अंक १०, म्हणजे दहावी. आय७-३७७० ही तिसरी पिढी, २०१२ ची. जाहिरातीत नुसतं 'आय-सेव्हन' लिहिलं की लोक हरखतात आणि आठव्या पिढीचा आय-थ्री सोडून तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन घरी आणतात. ते यंत्र विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली वापरणार असाल तर हा नियम तुमच्यासाठी नाही. चौथ्या पिढीचं यंत्रही पोरांच्या अभ्यासाला पुरतं आणि स्वस्तात पडतं.

रॅम ८ जीबी, डिस्क एसएसडी (जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान). 'रॅम काय, नंतर टाकू' हे वाक्य पूर्वी चालायचं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. लागेल तेवढी आधीच असलेली घ्या.

## टप्पा २: बोली लावण्याआधी सहा फोटो मागा

जाहिरातीतला फोटो कंपनीच्या साइटवरचा असू शकतो, दुसऱ्याच्या जाहिरातीतलाही. विकणाऱ्याला सरळ निरोप पाठवा: 'घ्यायचा विचार आहे, एवढे फोटो पाठवता का?'

1. यंत्र चालू, कीबोर्डवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी.
2. खालच्या बाजूचा स्टिकर, सिरियल नंबर वाचता येईल असा.
3. सेटिंग्जमधलं 'अबाऊट' पान: प्रोसेसर, रॅम, विंडोज.
4. बॅटरी रिपोर्ट.
5. डिस्कची प्रकृती दाखवणारं पान.
6. मूळ बिल. पत्ता, फोन झाकला तरी चालेल. नाव, तारीख, सिरियल नंबर दिसायला हवा.

बॅटरी रिपोर्ट म्हणजे विंडोजमधलीच सोय. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट', हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसतात. मूळ ५०,००० आणि आता २२,००० असेल तर बॅटरी अर्ध्याखाली आली; बदलण्याचा खर्च धरूनच पुढं बोला. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात निळा 'गुड' दिसायला हवा. पिवळा 'कॉशन' दिसला तर डिस्कची किंमत शून्य धरा.

त्याच पानावर 'पॉवर ऑन अवर्स' असतात. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे २,४०० तास. 'मुलीनं कधीतरी वापरला' असं सांगितलेल्या लॅपटॉपवर १४,००० तास दिसले तर तो मुलीचा नव्हे, कुठल्यातरी काउंटरवरचा. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातली यंत्रं आपल्याकडं लगेच ओळखू येतात: एका बाजूला कानडी टायपिंगसाठी नुडी, दुसऱ्या बाजूला मराठीसाठी श्रीलिपी, आणि कीबोर्डवरची अक्षरं झिजून गुळगुळीत. असं यंत्र घेऊच नये असं नाही, किंमत त्याप्रमाणे पाहिजे.

डेल, एचपी, लेनोवो यांच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की मॉडेल आणि वॉरंटीची तारीख दिसते. तिथलं मॉडेल आणि जाहिरातीतलं मॉडेल जुळलं नाही तर तिथंच विषय संपवा.

इशारा: 'फोटोचं काय, आधी बोली लावा, मग बघू' असं उत्तर आलं तर बोली लावायची नाही. विकायची खरी गरज असलेला माणूस सहातले चार फोटो तरी पाठवतोच.

## टप्पा ३: माणूस तपासा

खातं कधी उघडलं, आधी काय विकलं, ग्रुपमधल्या ओळखीच्या कोणी त्याच्याकडून घेतलंय का, एवढं बघा. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच लॅपटॉप इंदूरच्या जाहिरातीत निघाला तर उत्तर मिळालं.

आपल्या भागात सर्वांत जास्त चालणारी थाप लष्कराची. 'मी आर्मीत आहे, कॅम्पात राहतो, बदली झाली, सामान काढतोय.' बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घराघरात कोणी ना कोणी फौजेत, त्यामुळं ही थाप इथं लगेच गळी उतरते. वर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड येतं. ते सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी उचललेलं असतं. मग 'कॅम्पात बाहेरच्यांना सोडत नाहीत, मिलिटरी ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी भाडं भरा.' खरा जवान बाहेर येऊन चहा पीत लॅपटॉप दाखवतो. भेटायला तयार नसेल तर तो कर्नल असला तरी आपल्याला उपयोगाचा नाही.

उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची पोरं खोल्या सोडताना लॅपटॉप काढतात. हा बरा माल: मालक एकच, बिल बहुधा घरी असतं. सरकारी योजनेतून मिळालेले लॅपटॉपही ग्रुपवर येतात. त्यांच्याबरोबर विकणाऱ्याच्या नावाचं बिल नसतं, म्हणून मी त्यांना हात लावत नाही. हप्त्यावर घेतलेला असेल तर सगळे हप्ते फिटल्याचा कागद मागा.

चोरीचा माल ही वेगळी भीती. हरवलेल्या मोबाइलसाठी सरकारचं पोर्टल आहे, फोनचा आयएमईआय हा ओळख क्रमांक टाकून बघता येतं. लॅपटॉपला अशी सोय नाही. बिल आणि सिरियल नंबर हेच पुरावे. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. चाळीस हजारांचं यंत्र आठ हजारांत, तेही बिलाशिवाय, हे 'कारण' ठरू शकतं.

## टप्पा ४: शेवटचा आकडा कागदावर लिहा

हे घरी, शांतपणे, बोली संपण्याच्या आदल्या दिवशी करायचं. त्याच मॉडेलच्या चार-पाच जाहिराती बघा आणि चांगल्या स्थितीतल्याचा भाव धरा. त्यातून वजाबाकी करत या. समजा चांगल्या स्थितीतला भाव १८,०००. बॅटरी बदलायची, २,५००. चार्जर मूळचा नाही, १,०००. कोल्हापूरला जाऊन-येऊन जेवणासकट ८००. न दिसणाऱ्या दोषांसाठी दीड हजार. राहिले १२,२००. हा तुमचा शेवटचा आकडा. दुरुस्तीचे भाव मात्र माझे घेऊ नका, तुमच्या गावच्या दुकानात फोन करून विचारा.

इथं थांबून बघा: खेपेचा खर्च धरलात का? 'निपाणीपर्यंत तर जायचंय' म्हणून तो कोणी धरत नाही. यंत्र पसंत पडलं नाही तरी तो जाणारच असतो.

## टप्पा ५: बोली

आधी ग्रुपचा नियम विचारा. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा आला तर वेळ वाढते का? किमान वाढ किती? विकणाऱ्याची गुप्त किमान किंमत आहे का? नियम कोणालाच नीट माहीत नसेल तर तिथं भांडण ठरलेलं.

पहिल्या दिवसापासून आकडे टाकत बसू नका. दोन दिवस आधी बोली चढवली की फक्त भाव वाढतो, हाती काही लागत नाही. शेवटच्या टप्प्यात एकदाच उतरा, आणि गोल आकडा टाकू नका. बहुतेक जण १२,००० ला थांबतात. १२,१५० टाकणारा दीडशे रुपयांत पुढं जातो. किमान वाढीचा नियम मात्र पाळा, नाहीतर बोली बाद.

बोलीसोबत एक ओळ हमखास लिहा: 'समोर चालू करून बघितल्यावर, वर्णनाप्रमाणे असेल तर.' ही ओळ ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलेली असली की नंतर नाही म्हणताना कोणी बोली मोडल्याचा ठपका ठेवत नाही. विकणाऱ्याला ती मान्य नसेल तर बरंच झालं, बोलीआधीच कळलं.

खोटी बोली ओळखायला शिका. विकणाऱ्याचाच दोस्त किंवा त्याचंच दुसरं खातं आकडा चढवत राहतं. ते खातं याच माणसाच्या वस्तूंवर बोलतं आणि जिंकलं तरी घेत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला निरोप येतो: 'तो मागं हटला, तुम्ही घ्या, तुमच्या शेवटच्या आकड्याला.' तेव्हा शेवटच्या आकड्याला हो म्हणू नका. ते खातं मधे येण्याआधी तुमची जी बोली होती, त्या आकड्यावर बोला. मी असं सांगितल्यावर दोनदा यंत्र मिळालं, एकदा समोरच्यानं मला ब्लॉक केलं.

कागदावरचा आकडा ओलांडला गेला की फोन उलटा ठेवा. त्या मॉडेलचे लॅपटॉप पुढच्या आठवड्यात परत येतात.

## टप्पा ६: समोर बसून तपासणी

पाऊण तास हाताशी ठेवा. जागा अशी हवी जिथं प्लग, उजेड आणि टेबल आहे: ओळखीचं दुरुस्तीचं दुकान सर्वांत उत्तम, नाहीतर विकणाऱ्याचं घर. बसस्टँडवर बाकड्यावर बसून लॅपटॉप घेऊ नये. विकणारा कोल्हापूरचा असेल तर निपाणी, गडहिंग्लजचा असेल तर संकेश्वर दोघांनाही सोयीचं पडतं. निघण्याआधी गाड्यांची चौकशी करा. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस बंद होतात. २०२५ च्या फेब्रुवारीत झाल्याच होत्या.

बरोबर न्यायचं: पेनड्राइव्ह (त्यात क्रिस्टलडिस्कइन्फो), इअरफोन, मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि शक्य असेल तर यातलं कळणारा एक माणूस. विकणाऱ्याला आदल्या दिवशी दोन गोष्टी सांगा: विंडोज रिसेट करून (सगळं पुसून नव्यासारखं) ठेवा आणि मी येईपर्यंत यंत्र चालू करू नका.

आता क्रम. हा बदलू नका.

बाहेरून, बंद असताना. बिजागरी हळू उघडा. कडकड आवाज आला किंवा कोपरा उचलला गेला तर आतलं प्लॅस्टिक तुटलंय. टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतो का? टचपॅड वर आलं असेल तर खालची बॅटरी फुगली आहे; अशा यंत्राला चार्जर लावू नका, उठा. यूएसबी आणि चार्जरच्या भोकांत टॉर्च मारा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी किंवा घाटाखालचं यंत्र असेल तर पावसाळी दमटपणानं आत हिरवट-पांढरा थर धरलेला असतो. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या ऑफिसातला डेस्कटॉप असेल तर झाकण उघडून पंखा बघा; धुळीचा गोळा दिसला तर साफसफाईचे पैसे कापून मागा.

थंड सुरुवात. यंत्र हाताला गार लागलं पाहिजे. गरम असेल तर चालू व्हायला कटकट करणारं यंत्र तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलं असण्याची शक्यता आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पानावर, जा. पासवर्ड मागितला आणि मालकाला येत नसेल तर व्यवहार नाही. तिथला सिरियल नंबर, खालचा स्टिकर आणि बिल, तिन्ही जुळायला हवेत.

कुलूप. इथं मी स्वतः फसलोय, म्हणून जरा थांबतो. एका ओळखीच्याच माणसाकडून लॅपटॉप घेतला होता. छान चालत होता, मी निर्धास्त. घरी विंडोज नव्यानं टाकलं आणि इंटरनेट जोडल्याबरोबर पडद्यावर एका कंपनीचं स्वागत आणि तिच्या कर्मचाऱ्याचा ईमेल विचारणारं पान. कंपनीनं ते यंत्र आपल्या व्यवस्थेत नोंदवलेलं होतं, आणि ती नोंद कंपनीच काढू शकते. विंडोज कितीदाही टाका, इंटरनेट मिळालं की तेच पान. विकणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं असं तो म्हणाला. खरं-खोटं देव जाणे. म्हणून रिसेट केलेलं यंत्र हातात घ्या, तुमच्याच हॉटस्पॉटवर जोडा आणि तुमच्या खात्यानं सुरुवातीची मांडणी पूर्ण करा. कुठल्याही संस्थेचं नाव आलं की मिटवून परत द्या. मॅकबुकचंही तसंच: जुन्या मालकानं 'फाइंड माय' (ॲपलची हरवलेलं यंत्र शोधायची सोय) बंद करून आपल्या खात्यातून बाहेर पडायला हवं, तेही तुमच्या समोर.

चालू असताना. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा, स्पेस आणि एंटर दहा-दहा वेळा. पडदा पूर्ण पांढरा करून डाग बघा, पूर्ण काळा करून चमकणारे ठिपके बघा. पेनड्राइव्ह सगळ्या भोकांत घाला. कॅमेरा, माइक, स्पीकर, इअरफोन. डिस्क पुन्हा बघा, कारण फोटो पाठवल्यावर डिस्क बदलता येते. बॅटरी रिपोर्टही पुन्हा काढा. रिसेटनं जुना इतिहास जातो, पण क्षमतेचे दोन आकडे दिसतातच. शेवटी चार्जर काढून वीस मिनिटं मोठा व्हिडिओ लावून ठेवा आणि टक्के लिहून ठेवा. शंभरावरून ऐंशीवर आलं तर ठीक. साठावर आलं, किंवा चाळीस टक्क्यांवर यंत्र एकदम बंद पडलं, तर तो लॅपटॉप नाही, डेस्कटॉप समजा आणि त्या भावात मागा.

इशारा: 'दुसरा एक गिऱ्हाईक येतोय, लवकर सांगा' असं ऐकू आलं की घड्याळ बघून आणखी दहा मिनिटं बसा.

## टप्पा ७: पैसे आणि पावती

आगाऊ पैसे नाहीत. फारच आग्रह झाला तर ५०० रुपये, बुडाले तरी चालतील असे समजून. उरलेले यंत्र तपासल्यावर, त्याच टेबलावर, यूपीआयनं. यूपीआयवर येणारं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल तर दोघांचं नातं विचारा आणि पावतीत लिहा. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे माहीत असूनही 'परताव्यासाठी हा कोड स्कॅन करा' म्हटल्यावर माणसं स्कॅन करतात. स्क्रीन बघू देणारं ॲप टाकायला कोणी सांगितलं तर फोन ठेवा.

पावती दोघांना वाचता येईल अशा भाषेत. गोकाक, हुबळीकडचा विकणारा मराठी वाचणार नाही, तुम्हाला कदाचित कानडी लिहिता येणार नाही. इंग्रजीत पाच ओळी पुरतात. तारीख, ठिकाण, दोघांची नावं, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, यूपीआयचा संदर्भ क्रमांक, आणि 'यंत्र माझ्या मालकीचं आहे, चोरीचं नाही, त्यावर कर्ज बाकी नाही.' खाली सही. मूळ बिल घ्या, निदान फोटो. खासगी माणसाकडून घेतल्यावर ग्राहक आयोगाचा आधार जवळजवळ नसतो, म्हणून हा कागद जपायचा.

पैसे जाऊन माणूस गायब झाला तर ग्रुपवर शिव्या नंतर घाला, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवायला पहिले काही तासच असतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि बेळगावातल्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात धाव. विकणारा महाराष्ट्रातला म्हणून 'तिकडं जा' सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ती नोंदवता येते.

## टप्पा ८: घरी आल्यावर

बँकेचं ॲप, ईमेल, पोरांचे फोटो काहीही टाकण्याआधी विंडोज नव्यानं टाका. विकणाऱ्यानं रिसेट केलं असलं तरी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत वापरा, गल्लीतल्या कोणाची नको. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' बघा. यंत्रासोबत खरा परवाना आला असेल तर इंटरनेट जोडल्यावर तो आपोआप लागतो. नंतर दोन-तीन दिवस रोज चार तास काम करून बघा, कारण तापल्यावर बंद पडणं पाऊण तासाच्या तपासणीत दिसत नाही. असा दोष निघाला तर विकणाऱ्याला लगेच, लेखी कळवा. तो परत घेईलच असं नाही, पण व्यवहाराच्या दुसऱ्या दिवशी फोन उचलणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत.